हाताची परीक्षा

रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात, अंबा नदीच्या काठी डोलवी हे गाव आहे. तिथल्या पोलादाच्या कारखान्यामुळे त्याचे नाव आता दूरवर पोहोचले आहे. पोलादाच्या उद्योगात वेल्डरची परीक्षा कशी घेतात, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. वेल्डिंग म्हणजे काय, एवढे विचारून तिथे भागत नाही. उमेदवाराकडून दोन पत्रे जोडून घेतात. मग त्या जोडाचे क्ष-किरण चित्र काढतात, किंवा जोडातून पट्ट्या कापून त्या यंत्रात यू आकारात वाकवतात. ठरलेल्या मापापेक्षा मोठी चीर पडली की उमेदवार नापास. परीक्षक ओळखीचा असो वा नसो, चिरेचे माप बदलत नाही.

शिकाऊ सर्जनही जोड घालतो. कधी आतड्याच्या दोन टोकांचा, कधी रक्तवाहिनीचा. पण रुग्णाच्या पोटातला जोड कापून, वाकवून पाहता येत नाही. तो कच्चा राहिला तर ते काही दिवसांनी कळते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. मग सर्जनच्या हाताची परीक्षा आधीच कशी घ्यायची? हा प्रश्न फार जुना आहे. त्याच्या इतिहासात आपल्या पुण्या-मुंबईलाही जागा आहे.

कोहळा, पखाल आणि कमळाचा देठ

आज उपलब्ध असलेली सुश्रुतसंहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत आकाराला आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय केवळ सरावाविषयी आहे. सरावाला तिथे ‘योग्या’ असा शब्द आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. फोडण्याचा सराव पाणी आणि चिखल भरलेल्या पखालीवर करावा. खरवडण्यासाठी केसाळ कातडे, वेध घेण्यासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ, टाके घालण्यासाठी जाड आणि पातळ कापड व मऊ कातडे, तर पट्टी बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा वापरावा.

या यादीत मोठी शैक्षणिक दृष्टी आहे. प्रत्येक क्रिया सुटी केली आहे आणि तिच्यासाठी हाताला तसाच स्पर्श देणारी वस्तू शोधली आहे. ज्याने ग्रंथ वाचले पण हाताने काम केले नाही आणि ज्याने काम केले पण ग्रंथ वाचले नाहीत, त्या दोघांनाही संहिता एका पंखाच्या पक्ष्याची उपमा देते. व्यवसाय सुरू करण्यापूर्वी राजाची अनुज्ञा असावी, असेही ती सांगते. मात्र ही अनुज्ञा देताना हाताचे कसब कोणत्या मापाने मोजावे, याचे तपशील तिथे येत नाहीत. सरावाची पद्धत ठरली होती, मोजमापाची ठरायची होती.

पुण्याजवळचा कारागीर

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकाच्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान 1792 च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर होता. टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा वापरून त्याला नवे नाक बसवले. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता, असे पत्र सांगते. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून त्वचा कापून, भुवयांच्या मधला भाग जोडलेला ठेवून ती खाली वळवली.

लंडनचे सर्जन जोसेफ कार्पू यांनी या वृत्तान्ताच्या आधारे आधी मृतदेहांवर सराव केला आणि 1814 मध्ये रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली. म्हणजे पुण्याच्या कारागिराचे कौशल्य जगाने मान्य केले ते निकाल पाहून. निकाल ही कसोटी खरी असते, पण ती शस्त्रक्रिया झाल्यावरच हाती येते. शिकाऊ माणसाला रुग्णाजवळ जाऊ द्यावे की नाही, हे ती सांगू शकत नाही.

गुरूचा शब्द

मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. जमशेटजी जीजीभाई रुग्णालय त्याला लागूनच होते आणि पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांचा रुग्णाच्या खाटेजवळ शिकवण्यावर भर होता. 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी आणि पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंग होते. वैद्यकीय शिक्षणाला आता अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदविका असे रूप आले.

शस्त्रक्रिया शिकवण्याची आजची पद्धत मात्र बरीचशी अमेरिकेतल्या विल्यम हॉलस्टेड यांच्याकडून आली. 1889 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी शिकाऊ सर्जनांना वर्षानुवर्षे आपल्या हाताखाली ठेवून जबाबदारी पायरीपायरीने वाढवली. या पद्धतीने उत्तम सर्जन घडले. पण ‘हा तयार झाला’ हे कोण ठरवणार? गुरू. आणि गुरूही माणूसच. चटपटीत उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्याचा हातही चांगला असेल, असे त्याला नकळत वाटू शकते. अबोल विद्यार्थ्याचा हलका, नेमका हात नजरेतून सुटू शकतो. किती शस्त्रक्रिया केल्या याची नोंदवही ठेवतात, पण तिच्यात संख्या दिसते, गुणवत्ता दिसत नाही.

टोरांटोची टेबले

1990 च्या दशकात कॅनडातील टोरांटो येथे रिचर्ड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परीक्षा तयार केली. तिचा अहवाल 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकाऊ सर्जन एका टेबलावरून दुसऱ्यावर जातात आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळात एक काम करून दाखवतात. परीक्षक प्रश्न विचारत बसत नाही, तो पाहतो. त्याच्या हातात दोन कागद असतात. एकावर कामाच्या पायऱ्या असतात: केली की नाही, एवढीच खूण करायची. दुसऱ्यावर सात बाबी असतात आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. ऊती हळुवार हाताळल्या का? हालचाली वाया गेल्या का? हत्यार सफाईने चालवले का? पुढची पायरी आधी सुचली होती का? अशा त्या बाबी.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आढळल्या. प्राण्यावर घेतलेल्या परीक्षेऐवजी निर्जीव नमुन्यांवर घेतलेली परीक्षाही चालू शकते. कोहळ्यावर सराव करायला सांगणाऱ्यांना याचे नवल वाटले नसते. दुसरी गोष्ट अशी, की जाणत्या परीक्षकाने दिलेले सात बाबींचे गुण पायऱ्यांच्या यादीपेक्षा अधिक भरवशाचे ठरले. म्हणजे जाणकाराची नजर बाद झाली नाही. काय पाहायचे ते आधी ठरवून दिल्यामुळे ती नजर अधिक न्यायी झाली.

हे गुण खरोखर रुग्णाच्या उपयोगाचे असतात का? अमेरिकेतील मिशिगन राज्यात 20 सर्जनांनी स्थूलतेवरील शस्त्रक्रियेच्या आपल्या चित्रफिती दिल्या. इतर सर्जनांनी, कोणाची फीत आहे हे माहीत नसताना, त्यांना गुण दिले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुणांच्या गटातील सर्जनांच्या 14.5 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, तर सर्वांत जास्त गुणांच्या गटात हे प्रमाण 5.2 टक्के होते.

भारतात 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कौशल्यांना आणि कौशल्य प्रयोगशाळांना स्थान मिळाले आहे. सर्जन घडवणाऱ्या एमएसच्या अंतिम परीक्षेत मात्र लेखी उत्तरे, रुग्णतपासणी आणि तोंडी परीक्षा यांचेच वजन मोठे आहे. वेल्डरचा जोड आपण वाकवून पाहतो आणि सर्जनला बहुतेक वेळ प्रश्नच विचारतो, ही विसंगती अजून पुरती मिटलेली नाही.

आपल्या शाळेतल्या प्रात्यक्षिक परीक्षेचे तरी काय वेगळे आहे? पुष्कळदा गुण मिळतात ते प्रयोगवहीला आणि तोंडी उत्तरांना. एक साधा प्रयोग करून पाहावा. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी तयार करणे, एवढेच काम घ्यावे. त्यात काय काय पाहायचे, अशा पाच बाबी आधी लिहून काढाव्यात: पापुद्रा एकपदरी निघाला का, आच्छादन काच ठेवताना बुडबुडे टाळले का, वगैरे. मग दोन शिक्षकांनी एकाच विद्यार्थ्याला, एकमेकांचे गुण न पाहता, गुण द्यावेत. जिथे दोघांच्या गुणांत मोठा फरक पडेल, तिथे विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी आपण नेमके काय पाहत होतो, हे दोघांनी बसून ठरवावे.