‘अगण्य’ आठवा महिना

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एखाद्या आजीपाशी बाळंतपणाच्या गोष्टी काढल्या, की एक वाक्य कानावर पडतेच : सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. महाराष्ट्रात इतरत्रही हे ऐकायला मिळते. ही समजूत आली कुठून आणि टिकली कशी?

तिची मुळे फार जुनी आहेत. आठव्या महिन्यात ‘ओज’ स्थिर नसते, ते आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून तेव्हाचा जन्म धोक्याचा, असे चरकसंहिता सांगते. जाणकार या महिन्याला ‘अगण्य’, म्हणजे न मोजण्याजोगा, म्हणतात असेही तीत आहे. सुश्रुतसंहितेचे मतही असेच आहे. तिकडे ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत ‘आठ महिन्यांचे मूल’ या विषयावर स्वतंत्र लेखन आहे.

ॲरिस्टॉटलने मात्र एक मार्मिक नोंद केली. इजिप्तमध्ये अशी मुले जगतात, असे तो लिहितो. आणि ग्रीसमध्ये एखादे जगलेच, तर आई म्हणते, माझाच हिशेब चुकला, हे आठव्यातले नव्हतेच! जगलेले मूल यादीतून वगळायचे आणि दगावलेले ठेवायचे, असे केल्यावर नियम खोटा ठरणार कसा?

हिशेब चुकायला वावही होता. ज्या किनाऱ्यावर उधाणाची भरती तिथीवरून ओळखतात, तिथे महिनेही चंद्रावरून मोजले जाणे स्वाभाविक. चांद्रमास सुमारे २९.५ दिवसांचा, असे नऊ मास म्हणजे सुमारे २६६ दिवस. गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचा सरासरी काळ एवढाच असतो. पण धारणेचा नेमका दिवस सहसा कळत नाही. म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्यासाठी नऊ महिने आणि सात दिवस धरतो. आपल्या ‘नऊ महिने नऊ दिवसां’च्या तो किती जवळ आहे पाहा! पण मोजणीचा आरंभ दोन आठवडे इकडेतिकडे झाला, की सातव्याचे मूल आठव्यात जाते.

मग बाळाची वाढच मोजता येईल का? अनुभवी सुईण हाताने चाचपून अंदाज घेई, शेवटी ‘पोट उतरले’ म्हणे. त्यात तथ्य आहे. गर्भाशयाचा माथा ३६ व्या आठवड्याच्या सुमारास बरगड्यांपाशी पोहोचतो. पुढे बाळाचे डोके ओटीपोटात सरकले, की तो खाली येतो. आईची धाप कमी होते, लघवीला मात्र वारंवार जावे लागते. १९०६ साली एलिस मॅकडोनाल्ड यांनी ही उंची टेपने मोजण्याची पद्धत मांडली. साधारण २४ ते ३६ आठवड्यांत सेंटिमीटरचा आकडा आठवड्यांच्या आकड्याजवळ असतो. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांनी ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून पोटातील चित्रे मिळवून प्रसिद्ध केली. मासेमारी ट्रॉलरवर माशांचा थवा शोधणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने गर्भाचे वय काही दिवसांच्या फरकाने ठरते.

मोजमाप झाले आणि ‘अगण्य’ महिना गणनेत आला. २८ आठवड्यांचे बाळ सुमारे एक किलोचे असते, ३२ आठवड्यांचे पावणेदोन किलोच्या आसपास. फुप्फुसातले हवेचे बारीक कोष मिटू न देणारा द्रव पुरेसा तयार व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. म्हणजे पोटात वाढलेला प्रत्येक आठवडा जगण्याची शक्यता वाढवतो. आठव्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा अधिक सुरक्षित!

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. ‘हे जगायचे नाही’ असे घरच्यांनी ठरवले, की ऊब, दूध आणि दवाखान्याची धावपळ, सगळेच ढिले पडते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच आरोग्यसेविकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात-मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला.

आजीचे वाक्य विद्यार्थ्यांनी वर्गात आणले, तर आपण ते हसण्यावारी नेऊ नये. ‘जगलेली मुले कुणी मोजली?’ एवढेच विचारावे.