कराडच्या पावत्या

2021 च्या एप्रिलात प्रसिद्ध झालेला ‘द बिग बुल’ हा चित्रपट आम्ही निगडीस एका स्नेह्यांच्या घरी पाहिला. अभिषेक बच्चन यांनी रंगविलेला हेमंत शाह म्हणजे नाव बदललेला हर्षद मेहता, हे कोणास सांगावे लागत नाही. चित्रपट संपताच घरातील तरुण मंडळी त्या दलालाच्या धाडसाचे कौतुक करू लागली. यजमानांचे वडील मूळचे कराडचे. पिंपरीच्या मोटार कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी एवढेच विचारले, “पण यात कराड कुठं आहे?”

प्रश्न मार्मिक होता. 1992 चे प्रकरण म्हणजे हर्षद मेहता, असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. ए.सी.सी.चा सुमारे 200 रुपयांचा शेअर 9,000 च्या आसपास चढला, आणि 23 एप्रिल 1992 रोजी सुचेता दलाल यांची बातमी छापून आली. मग सारे कोसळले. परंतु हे वैभव ज्यावर उभे होते ती वस्तू साधी होती: बँकेची पावती.

त्या काळी बँकांस आपल्या ठेवींचा मोठा हिस्सा, शेकडा 38.5 पर्यंत, प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवावा लागे. जिला रोकड हवी ती बँक थोड्या दिवसांनी परत घेण्याच्या बोलीवर रोखे विकी. मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या दप्तरी हाताने व संथपणे होई. म्हणून विकणारी बँक “किंमत पोचली, रोखे सवडीने देऊ” अशा अर्थाची पावती देई. आपल्या पेढ्यांची हुंडीही कागदच होती. पण तिच्यामागे ओळखीच्या माणसाची पत असे. येथे दोन्ही बँकांच्या मध्ये दलाल उभा राहिला, आणि एका बँकेने दुसरीच्या नावे काढलेला धनादेश त्याच्या खाती जमा होऊ लागला. मेहता यांच्याकडे पैसा आला तो या वाटेने. तो शेअरबाजारात गेला व भाव चढले.

ही वाट चालू राहावयास पावती देणारी बँक तेवढी हवी होती. तिच्यापाशी रोखे असलेच पाहिजेत असे नव्हते. येथे बँक ऑफ कराडचे नाव येते. सातारा जिल्ह्यातील या लहानशा खाजगी बँकेने, व मुंबईच्या मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेने, ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा पावत्या दिल्या. त्या मुख्यतः मेहता यांच्यासाठी नव्हे, दुसऱ्याच दलालांसाठी निघाल्या, ही गोष्ट चित्रपटप्रेमींनी ध्यानात घ्यावी. स्टँडर्ड चार्टर्डसारख्या जगभर पसरलेल्या बँकेने त्या तिजोरीत ठेवल्या! एवढी मोठी रक्कम कराडच्या बँकेस झेपेल काय, हा प्रश्न कोणी वेळीच विचारला असता तर पुष्कळ अनर्थ टळता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने एकंदर खड्डा 4,000 कोटींहून अधिक रुपयांचा ठरविला.

मुंबईस हा धडा पूर्वीही मिळाला होता. अमेरिकेतील यादवी 1865 मध्ये संपली, कापसाचे भाव पडले, आणि प्रेमचंद रायचंद यांचे साम्राज्य ढासळले. पण शेअर तारण घेऊन कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. लोकांस राजाबाई टॉवर ठाऊक असतो, ती बँक नव्हे.

1992 च्या मे महिन्यातच बँक ऑफ कराड अवसायनात निघाली. त्या वेळी ठेवींस विम्याचे संरक्षण होते अवघे 30,000 रुपयांचे. ही मर्यादा एक लाखावर गेली 1993 च्या मे महिन्यात, आणि पाच लाखांवर 2020 मध्ये. पुढे 1994 मध्ये ती बँक ऑफ इंडियात विलीन झाली. मेहता 31 डिसेंबर 2001 रोजी ठाण्यात, कैदेत असताना वारले. चित्रपटकारास मेहता हवेत हे आम्हांस समजते; पावती फाडणाऱ्या टेबलावर नाट्य कोठून आणावे? तरीही सही कोणाची होती व ती का झाली, हे पाहावयास आम्हांस अधिक आवडले असते.

चहा येईपर्यंत त्या वृद्ध गृहस्थांनी विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर दोन चौकोन काढले, मध्ये एक गोल काढला, आणि नातवाच्या हाती पेन्सिल देऊन म्हणाले, “आता रोखे कुठं आहेत ते दाखव.”