आरं, हलवू नको, तुटंल!

साल 2004, वार गुरुवार. एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे भोसरीत लांडेवाडी चौकातल्या चहाच्या टपरीवर भर सकाळीही गर्दी. तुमच्या हातात नवाकोरा नोकिया 6600 आहे. शेजारच्या पोराला तुम्ही काढलेले जत्रेचे फोटो हवेत, पण त्याच्या फोनात ब्लूटूथ नाही, फक्त इन्फ्रारेड.

मग दोन्ही फोनांच्या काळ्या खिडक्या समोरासमोर धरा. उन्हातही इन्फ्रारेड भरलेलं असतं, ते मध्ये लुडबुडतं. जरा सावलीत सरका. अंतर मीटरभर, दिशा जेमतेम 30 अंशांच्या शंकूतली, वेग सेकंदाला 115 किलोबिट. हिशेबाने 50 किलोबाइटचा फोटो चार-पाच सेकंदांत जावा. पण मागून कुणाचा तरी धक्का लागतो. "आरं, हलवू नको, तुटंल!" तुटतंच. पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमच्या फोनातला ब्लूटूथ चालू करा. 2.4 गिगाहर्ट्झची लहर, सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलणारी. फोन खिशात असला तरी चालतं, दहा मीटरपर्यंत पोचतं. यादीत अनोळखी फोनांची नावं उगवतात आणि मला इथेच खरी मेख दिसते. याच वर्षी जूनमध्ये सापडलेला काबिर हा व्हायरस ब्लूटूथवरूनच पसरतो, तुमच्या फोनासारख्याच सिम्बियन प्रणालीवरच्या फोनांत. परका फोन तुमचं दार वाजवतो. 'नको' म्हणायचं काम तुमचं. इन्फ्रारेडमध्ये निदान समोरचा माणूस दिसत होता.

आता हीच तुलना घेऊन थोडं पुढे या, विजेच्या मीटरपाशी. 2010 च्या दशकाची सुरुवात, निगडी प्राधिकरण. महावितरणचे इन्फ्रारेड आणि रेडिओ, दोन्ही तऱ्हांचे मीटर बसताहेत. इन्फ्रारेड मीटर असेल तर रीडिंग घेणाऱ्याला फाटक उघडून, कुत्र्याला चुकवून यंत्र मीटरसमोर धरावं लागतं. घराला कुलूप असलं की सरासरी बिल, आणि पुढे कार्यालयात हेलपाटे. रेडिओ मीटर बाहेरूनच वाचता येतो. विटांच्या भिंतीतून लहर जाते, पत्र्याच्या बंद पेटीत मात्र कोंडते.

मीटरसाठी रेडिओच योग्य, असं मी ठामपणे म्हणेन. रीडिंग घेणाऱ्याची पायपीट वाचते, ग्राहकाला वापराचंच बिल येतं. फक्त एकाच टापूत अनेक मीटर बोलत असतात, म्हणून प्रत्येक आकड्यासोबत त्या मीटरचा क्रमांक यायलाच हवा आणि वाटेत कुणाला तो आकडा बदलता येऊ नये, इतकी कुलूपबंद भाषा हवी. इन्फ्रारेडच्या वेळी ही राखण बरीचशी भिंतच करत होती.