स्वयंचलित अपडेट आणि संगणक-सुरक्षा : न्हावा शेवा, २०१७

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-उद्योगाचा न्हावा शेवा हा एक महत्त्वाचा निर्यातमार्ग होय. जून २०१७ मध्ये तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक संगणकप्रणालीमुळे विस्कळीत झाले. तिचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. हल्लेखोरांनी उत्पादकाच्या सर्व्हरमध्ये शिरकाव केल्याने ग्राहकांनी विश्वासाने स्वीकारलेले अपडेटच घातक ठरले. २०१८ मध्ये असूसच्या संगणकांबाबतही असेच घडले. तेथे तर घातक अपडेटवर कंपनीचीच डिजिटल स्वाक्षरी होती. तथापि अपडेट टाळणे हा उपाय नव्हे. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने मार्चमध्येच उपलब्ध झालेले अपडेट न घेतलेले संगणक गाठले होते. म्हणून अपडेट घ्यावेच. मात्र उत्पादकाने वितरणव्यवस्था जपावी आणि कारखानदाराने हिशेबाची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवावी, हाच या घटनांचा बोध होय.