तळटीप : डॉ. राल्फ यांचे गाणे

डॉ. राल्फ : म्हणजे राल्फ स्टॅन्ली (१९२७–२०१६), व्हर्जिनियातल्या डिकन्सन परगण्याचे ब्लूग्रास गायक आणि बँजोवादक. डॉक्टरकी वैद्यकातली नव्हे. टेनेसीच्या लिंकन मेमोरियल विद्यापीठाने १९७६मध्ये दिलेली मानद पदवी त्यांनी हौसेने मिरवली.

आईने विचारले होते, पाच डॉलरमध्ये डुकरीण घेऊ की बँजो? पोराने बँजो मागितला. हा किस्सा ते आयुष्यभर सांगत राहिले. वाजवायला शिकवलेही आईनेच.

१९४६पासून थोरला भाऊ कार्टर पुढे गाई आणि राल्फ वरच्या पट्टीत साथ देत. १९६६मध्ये कार्टर गेला. मुळात बुजऱ्या असलेल्या राल्फनी मग गाणे सोडावे की काय, असाही विचार केला. पण पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते गातच राहिले. बिऱ्हाड मात्र कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलला, नेले नाही. आपल्या डोंगरातच राहिले.

त्यांच्या गळ्यातले गाणे प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमधले होते. तिथे वाद्ये वर्ज्य. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती लांबवत म्हणायची. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) या चित्रपटासाठी त्यांनी ‘ओ डेथ’ गायले तेव्हा संगीत-निर्माते टी-बोन बर्नेट यांना बँजोची साथ हवी होती. स्टॅन्लींनी बँजो बाजूला ठेवून, चर्चमध्ये गातात तसे नुसत्या गळ्याने गाऊन दाखवले आणि तेच ठरले. त्याच गाण्याने त्यांना २००२मध्ये, पंचाहत्तरीत, ग्रॅमी मिळाले. मूळ पुस्तकात ‘म्हातारपणची लॉटरी’ म्हटले आहे ते याला. शब्द जरा अन्यायाचाच.