विंचूदंश, अनुकंपी उत्तेजना आणि हृदय : महाराष्ट्रातील एका उपचाराचा इतिहास

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. गडाभोवतीच्या बालाघाट परिसरात जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा आणि जुनी घरे दगडमातीची. हंगाम सुरू झाला की या जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची कुटुंबे गाव सोडतात आणि पाचटाच्या कोप्यांत भुईवर झोपतात. दगडाखाली, भिंतीच्या फटीत, सरपणात दडणारा विंचू हा अशा जगण्याचा नित्याचा शेजारी होय. गोदावरीपलीकडील पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात विंचवावर भारूड रचले. तेथील विंचू विकारांचे रूपक आहे. तरीही दंश झालेल्या माणसाला फुटणाऱ्या घामाचा त्यात उल्लेख आहे आणि ते निरीक्षण वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. हा घाम संपूर्ण शरीरात उठलेल्या एका वादळाची पहिली खूण असतो, हे निश्चित होण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

अनुकंपी तंत्रिकांची उत्तेजना हृदय व रक्तवाहिन्यांवर कोणता परिणाम करते, या प्रश्नाचा इतिहास सहसा युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो लाल विंचवाच्या दंशावरील उपचाराच्या संदर्भात तपासला आहे. थकलेल्या हृदयाला आणखी उत्तेजन द्यावे की त्याच्या वाटेतील अडथळा दूर करावा, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

प्रयोगशाळेतील पूर्वपीठिका

अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी 1894-95 च्या सुमारास इंग्लंडमध्ये दाखवून दिले. 1901 मध्ये जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनॅलीन स्फटिकरूपात मिळविले. हेन्री डेल यांना 1906 मध्ये एक विपरीत गोष्ट आढळली. राईच्या कणसावरील अरगट बुरशीचा अर्क आधी दिला, तर ॲड्रेनॅलीनने रक्तदाब वाढण्याऐवजी उतरतो. एकाच द्रव्याचे दोन विरुद्ध परिणाम कसे, याचा उलगडा रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये दोन प्रकारचे ग्राही कल्पून केला. रक्तवाहिन्या आकुंचित करण्याचे काम मुख्यतः अल्फा ग्राहींकडे आहे. हृदयाची गती व आकुंचनाचा जोर वाढविणे, तसेच स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल करणे हे बीटा ग्राहींचे काम. 1960 च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी बीटा ग्राही रोखणारी औषधे विकसित केली, ती याच विचाराच्या आधारे.

दंशानंतरचे शरीर

लाल विंचवाचे विष तंत्रिकांच्या पटलावरील सोडियम मार्ग वेळेवर मिटू देत नाही. परिणामी तंत्रिका थांबत नाहीत, पुनःपुन्हा संदेश सोडत राहतात. आरंभी उलट्या, लाळ व घाम येतो, पुरुषांत शिश्नाला ताठरता येते, क्वचित नाडी मंदावते. त्यानंतर ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचा पूर लोटतो. अल्फा ग्राहींच्या उत्तेजनेने लहान धमन्या आवळल्या जातात, हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो. त्याच वेळी बीटा ग्राही हृदयाला पळवीत असतात. दार बंद असताना आतून धडका मारणाऱ्या माणसासारखी डाव्या जवनिकेची अवस्था होते. तिला रक्त पुढे लोटता येत नाही, दाब मागे फुप्फुसांवर येतो, त्यांत द्रव साचतो आणि रुग्ण फेसाळ, गुलाबी थुंकी टाकू लागतो. स्वतः हृदयस्नायूलाही इजा होते. शेवटी रक्तदाब कोसळतो. विष देणारा प्राणी बोटभर असला तरी शरीराला मारते ते शरीराचेच द्रव्य, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

लोकसमजुतीत भीती असते ती मोठ्या काळ्या विंचवाची, इंगळीची. वस्तुतः तिच्या दंशात वेदना पुष्कळ, पण जिवाचा धोका त्या मानाने कमी असतो. लहान लाल विंचवाच्या गंभीर दंशात उलट जागेवरची वेदना किरकोळ असू शकते. त्यामुळे न रडणारे, पण घामाने भिजलेले मूल अधिक धोक्यात असते.

बिरवाडी ते महाड

विंचूदंशानंतर होणारा फुप्फुसशोफ डॉ. मुंडले यांनी 1961 मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदविला होता. इस्रायलमध्ये मोशे ग्युरॉन यांनी 1960 च्या दशकात हृदयाची इजा व लघवीतून वाढलेले अनुकंपी द्रव्यांचे उत्सर्जन यांचा अभ्यास केला. तथापि निदान पुढे सरकले तरी उपचार सरकला नाही. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, डिजिटॅलिस, गुंगीची मिश्रणे अशी सरमिसळ चालू राहिली. त्यात ॲट्रोपिनसारखे औषध आधीच धावणाऱ्या नाडीला आणखी पळविते. दमलेल्या बैलाला चाबूक मारण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल. केवळ बीटा ग्राही रोखणेही निर्धोक नव्हते, कारण त्यामुळे अल्फाचा आवळ मोकाट सुटतो.

या कोंडीतून वाट काढणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्याचेच. जालना जिल्ह्यातील देहेड हे त्यांचे गाव. 1976 मध्ये ते तत्कालीन कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातही तोच लाल विंचू आणि तशीच दगडमातीची घरे. रुग्णाशेजारी बसून घेतलेल्या नोंदींतून त्यांनी हृदयविकाराच्या पूर्वसूचक लक्षणांचा आराखडा मांडला आणि तो 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. आरंभी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते रक्तवाहिन्या सैल करते खरे, पण शिरेतून, थेंबाथेंबाने व सतत देखरेखीखालीच द्यावे लागते. आरोग्य केंद्राला ते झेपणारे नव्हते. प्राझोसिन ही अल्फा-1 ग्राही रोखणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी तोंडाने घेण्याची गोळी. ती धमन्या व शिरा दोन्ही सैल करते आणि नाडी फारशी वाढवीत नाही. विंचूदंशात तिच्या वापराचा त्यांचा वृत्तांत 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढील बऱ्याच संशोधनात डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहलेखिका आहेत.

आकडे आणि त्यांची मर्यादा

बावस्कर यांच्या मांडणीनुसार प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते, ते नंतर 1 टक्क्याच्या आसपास आले. इतिहासाच्या अभ्यासकाने हे आकडे थोड्या सावधपणे वाचावेत. दोन कालखंडांची ही तुलना आहे आणि मधल्या काळात रस्ते, वाहने व लोकांची रुग्णालयात येण्याची घाई हेही बदलले. सर्व श्रेय एका गोळीला देता येणार नाही. तरीही शरीरक्रियेचा तर्क आणि रुग्णांचा अनुभव इतका जुळावा, असे उदाहरण विरळा.

यानंतर मुंबईच्या हाफकिन बायोफार्माचे प्रतिविष उपलब्ध झाले. महाड येथे 70 रुग्णांवर झालेल्या व 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 रुग्णांची लक्षणे 10 तासांत पूर्ण ओसरली. केवळ प्राझोसिन मिळालेल्या 35 मध्ये ही संख्या 8 होती. अर्थात प्रतिविष रक्तातील विष निकामी करते. आधीच सुटलेल्या ॲड्रेनॅलीनवर त्याचा इलाज नाही. म्हणून गोळी मागे पडली नाही. उत्तेजक औषधेही सर्वस्वी वर्ज्य ठरली नाहीत. हृदय क्षीण होऊन रक्तदाब उतरलेल्या अखेरच्या टप्प्यात डोब्युटामिनचा वापर होतो. उत्तेजन कोणत्या घटकेला, एवढाच भेद.

प्राझोसिनची साधी, लगेच विरघळणारी गोळी शरीराच्या वजनाच्या दर किलोस 30 मायक्रोग्रॅम या प्रमाणात दिली जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात. मूल असेल तर त्याला उचलून कडेवर घेऊ देत नाहीत. हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत दर 3 तासांनी मात्रा पुन्हा दिली जाते.