वरखालच्या विस्तवाचा भात

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून आजवर कुळे, वंशावळी, ग्रामदैवते, शिष्यवृत्त्या आणि दिवंगत ज्ञातिसेवक यांविषयी पुष्कळ लिहून आले आहे. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास मात्र कोणी लिहावयास घेतल्याचे आठवत नाही. तो लिहिण्यास एक लहानसे निमित्त घडले, ते प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी वसईस, होळी येथील आमच्या घरी एका मंगलकार्यानिमित्त सारी मंडळी जमली होती. धाकट्या सूनबाईंनी विजेच्या ओव्हनमध्ये मसालेभात केला होता. दाणा न् दाणा मोकळा, वर काजू खरपूस, लवंग-दालचिनीचा वास माजघरापर्यंत. सर्वांनी तो मागून मागून घेतला. परंतु एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "भात उत्तम झाला आहे, पण ही रीत विलायती. आपल्याकडे भात चुलीवर शिजतो, भट्टीत भाजत नाहीत." सूनबाई काही बोलल्या नाहीत. बोलावयास हवे होते ते मी, कारण त्या भाताची चव मी साठ वर्षांपूर्वी त्याच घरात घेतली होती.

आमची आजी कार्याचा भात चुलीवर चढवी, त्यास आधण आले की जाळ ओढून घेई आणि पातेले निखाऱ्यांवर ठेवी. मग झाकण म्हणून एक जड, खोलगट परात पालथी न घालता सरळ ठेवून तिच्यात पळीभर निखारे पसरी. यासच ‘वरखाली विस्तव’ म्हणत. खालच्या आचेने पाणी आटे. वरच्या आचेने झाकण तापलेले राही, त्यामुळे वाफेचे थेंब होऊन भातावर गळत नसत आणि वरचा थर मऊ लगदा न होता सुटा राही. ओव्हनमध्ये खाली एक आणि वर एक अशा दोन तारा तापतात. त्याचेही तत्त्व हेच होय.

ही युक्ती भातापुरतीच नव्हती. पाठारे प्रभूंचे भानोले वरखाली निखारे ठेवूनच भाजत. तांदळाच्या रव्याचे आणि काकडीचे धोंडस कोकणात याच रीतीने होत असे. ज्या घरात भट्टी नाही, त्या घराने परातीतून भट्टी निर्माण केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न उरतो तो ही रीत कोणाकडून आली याचा. वसईचा विषय निघाला की पोर्तुगीजांचे नाव येणारच. २३ डिसेंबर १५३४ रोजीच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या स्वाधीन केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांची खूण आपल्या जिभेवर आहे. पाव, बटाटा, काजू हे शब्द त्यांच्याच भाषेतून आले. मिरचीही अमेरिकेतून त्यांच्याच गलबतांनी आणली. भातही ते भट्टीत भाजत असत. उत्तर पोर्तुगालात मातीच्या भांड्यातील असा भात आजही प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्याकडे तांदूळ नेला अरबांनी, आणि ‘अर्रोझ’ हा त्यांचा शब्दही अरबीच आहे.

तथापि निखाऱ्यांची आपली रीत त्यांची देणगी मानण्यास आधार दिसत नाही. अबुल फजलने १५९० च्या सुमारास ‘आइन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थ मोजमापांसह नोंदविले, त्यांत ‘दमपुख्त’ आहे. ‘दम’ म्हणजे श्वास. तोंड बंद केलेल्या भांड्यात मंद आचेवर, कोंडलेल्या वाफेत पदार्थ शिजविण्याची ही रीत फिरंगी सत्तेपासून दूर, उत्तरेतही रूढ होती. तेव्हा ही रीत परक्यांची म्हणून टाकू नये, आणि केवळ आपलीच म्हणून मिरवूही नये. जेथे लाकडाचा विस्तव आणि झाकणाचे भांडे होते, तेथे ती माणसास सुचली. भट्टी मात्र पाववाल्याकडेच राहिली. तिची भिंत आणि घुमटी तापविण्यास पुष्कळ लाकूड लागते, ते रोज वीस-तीस पाव भाजणाऱ्या घरासही परवडत नाही, शेकडो भाजणाऱ्यास परवडते. उलट निखारे घरच्या चुलीत आपोआप पडत, त्यांस वेगळा खर्च नव्हता.

हा वरचा विस्तव आपल्या घरांतून गेला कसा, हे पाहण्यासारखे आहे. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला आणि पुढे आपल्याकडेही घरोघर रॉकेलचे स्टोव्ह आले. १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आला. १९५९ पासून देशी बनावटीचे प्रेशर कुकर मिळू लागले. या प्रत्येक साधनाने गृहिणीचे श्रम आणि डोळ्यांतला धूर कमी केला. त्यांस दोष देणे कृतघ्नपणा होईल. परंतु स्टोव्ह आणि गॅस यांस ज्वाला आहे, निखारे नाहीत. निखारे गेले तशी परात माळ्यावर गेली. माझ्या आईने स्टोव्हवर मसालेभात केला तो चांगलाच होई, पण खाली लागे आणि वर ओला राही. ती म्हणे, "सासूबाईंच्या हाताची सर नाही." उणीव हाताची नव्हती, वरच्या विस्तवाची होती. हे बिचारीला शेवटपर्यंत कळले नाही, आणि मलाही ओव्हनमधला भात खाईपर्यंत कळले नव्हते.

विस्तवाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे माप. लहानपणी मी आजीस विचारले होते, "आजी, पाणी किती घालायचं?" ती म्हणाली, "तांदळाच्या वर बोटाचं एक पेर, आणि नवा तांदूळ असला तर जरा कमी." ‘जरा’ म्हणजे किती, हे तिच्या बोटास ठाऊक होते. ते मी लिहून घेतले नाही. तिच्या मागे आमच्या घरात ते कोणासच सांगता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे सोपे माप घरोघर नेले. या दोघींचे उपकार एवढ्यासाठीच की त्यांनी बोटातले ज्ञान कागदावर आणले.

म्हणून सूनबाईंचे माप येथे देतो. दीड वाटी जुना कोलम धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. आपल्या जिल्ह्यातील वाड्याचा कोलम, ज्यास जुने लोक ‘झिनी’ म्हणतात आणि ज्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो उत्तम. दोन चमचे तुपात तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा व काजू परतून त्यांत तांदूळ, हळद, दीड चमचा गोडा मसाला, मीठ आणि वाटीभर मटार किंवा तोंडली घालावीत. हे सर्व ओव्हनच्या भांड्यात काढून वर तीन वाट्या उकळते पाणी ओतावे. तांदूळ नवा असल्यास पाव वाटी कमी. पाणी उकळतेच हवे, गार पाण्यास ओव्हनमध्ये आधण येण्यास फार वेळ लागतो. झाकण घट्ट लावून, आधी १८० अंशांवर तापविलेल्या ओव्हनमध्ये, दोन्ही तारा चालू ठेवून, सुमारे अर्धा तास ठेवावे. नंतर झाकण न उघडता दहा मिनिटे मुरू द्यावे. वर ओले खोबरे व कोथिंबीर. कल्हईचे जुने पातेले शक्यतो वापरू नये. कल्हईचे कथील २३२ अंशांवर वितळते; याचसाठी आजी रिकामे कल्हईचे भांडे विस्तवावर ठेवू देत नसे.

हा भात कढीबरोबर किंवा मठ्ठ्याबरोबर वाढावा. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी नंतर माळ्यावरची परात दाखविली. तळाशी निखाऱ्यांचे काळे डाग अजून आहेत. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडेही होती."

ज्ञातिबंधुभगिनींस एवढीच विनंती की, ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढील आजी, आत्या, मावशी असतील, त्यांनी या वर्षी एखादा दिवस काढून त्यांच्याजवळ वाटी आणि वही घेऊन बसावे. त्यांनी मूठभर म्हटले की ती मूठ वाटीत ओतून मोजावी, ‘जरा’ म्हटले की तो ‘जरा’ चमच्याने मोजावा. ती मापे कार्यवाहांकडे पाठवावीत. पुढील स्मरणिकेत वंशावळींच्या शेजारी त्यांस चार पाने मिळाली तर ती वाया जाणार नाहीत.